‘सापडत नाही’ म्हणण्याआधी यादी दाखवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘आपण मागणी केलेली नस्ती या कार्यालयाच्या अभिलेखात आढळून येत नाही, सबब माहिती निरंक.’ माझ्या माहिती अधिकाराच्या अर्जाला आमच्या नगरपरिषदेकडून आलेलं हे संपूर्ण उत्तर. (नस्ती म्हणजे फाइल, निरंक म्हणजे काही नाही.) खाली सही, शिक्का, जावक क्रमांक. मी एकतीस वर्षं एका माध्यमिक शाळेत लिपिक होते, त्यातली शेवटची नऊ वर्षं वरिष्ठ लिपिक. अशी उत्तरं कशी तयार होतात ते मला ठाऊक आहे. मागच्या कुणाच्या तरी उत्तराची प्रत काढायची, नाव आणि तारीख बदलायची, सहीला पाठवायची. त्यासाठी कपाट उघडावं लागत नाही.

मी मागितलं होतं ते फार नव्हतं. आमचा लेआउट चौसष्ट प्लॉटांचा, १९८८ च्या सुमारास मंजूर झालेला. मधोमध एक खुली जागा आहे. पोरं तिथं क्रिकेट खेळतात, गणपतीत मांडव पडतो, उन्हाळ्यात नळाला पाणी नसलं की टँकर तिथंच उभा राहतो. गेल्या दिवाळीनंतर एका सकाळी या जागेच्या निम्म्या भागाला सिमेंटचे खांब आणि काटेरी तार लागलेली दिसली. चौकशी केली तेव्हा कळलं की लेआउट पुढे सुधारित झाला आणि त्यात हा भाग प्लॉट म्हणून दाखवला आहे. असेलही. पण मग सुधारित नकाशा असेल, त्यावर मंजुरीचा शिक्का असेल, आदेश असेल. तेवढं बघायला मिळालं आणि ते खरं निघालं, तर मी एक शब्द बोलणार नाही.

म्हणून मूळ मंजूर नकाशा, आणि नंतर बदल झाला असेल तर सुधारित नकाशा व त्याचा आदेश, यांच्या साक्षांकित प्रती मागितल्या. विषय एकच, मजकूर दीडशे शब्दांच्या आत (आपल्या राज्याच्या नियमांत २०१२ पासून ही अट आहे), वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. कायद्यात मुदत तीस दिवसांची. उत्तर चौतिसाव्या दिवशी आलं, ते वर दिलंय. पहिलं अपील केलं. अपिलीय अधिकाऱ्यांनी माझं म्हणणं नीट ऐकून घेतलं, खुर्ची दिली, पाणी विचारलं, आणि पंधरा दिवसांत शोध घेऊन माहिती द्यावी असा आदेश दिला. सोळाव्या दिवशी तेच उत्तर पुन्हा आलं. या वेळी त्यात ‘कसून शोध घेतला असता’ एवढे शब्द वाढले होते.

माहिती अधिकार अधिनियम २००५ मध्ये माहिती कशासाठी नाकारता येते हे कलम ८ आणि ९ मध्ये लिहिलेलं आहे. देशाची सुरक्षा आहे, व्यापारी गुपितं आहेत, खासगी बाबी आहेत. ‘फाइल सापडत नाही’ हे कारण त्यात कुठेही नाही. दिल्ली उच्च न्यायालयानं २०१३ साली हेच सांगितलं आहे: कागद मिळत नाही एवढं म्हणून हात झटकता येत नाहीत, नीट शोध घ्यावा लागेल आणि गरज पडली तर जबाबदारी कुणाची याची चौकशी करावी लागेल. आपल्या राज्यात तर महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ आहे. सरकारी कागद बेकायदा नष्ट करणाऱ्याला त्यात पाच वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. कुणाला कैद व्हावी म्हणून मी हे लिहीत नाही. पण कागद हरवला असेल तर तो कधी आणि कुणाच्या ताब्यातून हरवला, हे लिहून देणं कार्यालयाचं काम आहे. आणि मुदत संपली म्हणून नियमाप्रमाणं नष्ट केला असेल, तर नष्ट केलेल्या कागदांच्या यादीत त्याची नोंद हवी. मला दोन्हींपैकी एकही मिळालं नाही.

दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे केलंय. तिथली रांग लांब आहे. ती सरेपर्यंत तारेच्या आत पाया खोदला जाईल, ही मला भीती.

अशात एका ओळखीच्या निवृत्त ग्रामसेवकांनी मला एक गोष्ट दाखवली, जी आमच्या गावात शंभरातल्या पाच जणांनाही माहीत नसावी. सामान्य प्रशासन विभागानं २६ नोव्हेंबर २०१८ रोजी काढलेल्या सूचनेप्रमाणं, जिल्हा पातळीपर्यंतच्या कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळात नागरिकांना अभिलेख पाहायला मिळायला हवेत. मी पुढच्या सोमवारी पावणेतीनलाच नगरपरिषदेत हजर झाले. पहिल्या सोमवारी साहेब जिल्ह्याला मीटिंगला होते. दुसऱ्या सोमवारी ‘असं काही आमच्याकडे नसतं’ हे ऐकलं. तिसऱ्या सोमवारी सूचनेची छापील प्रत टेबलावर ठेवली आणि बाकावर बसून राहिले. साडेतीनला रेकॉर्ड सांभाळणारे लिपिक स्वतः उठून आले आणि म्हणाले, “या बाई, दाखवतो.”

ते आमच्याच शाळेत शिकलेले. रेकॉर्ड रूम जिन्याखाली आहे. एक दिवा, तोही दारापाशी. लोखंडी मांडण्यांवर छतापर्यंत लाल फडक्यांत बांधलेले गठ्ठे. गाठींना लावलेल्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्यांवरची शाई उडालेली. एका कोपऱ्यात फवारणीचे जुने पंप, अतिक्रमण विभागानं जप्त केलेले वजनकाटे, कुठल्या तरी स्वच्छता मोहिमेचे फलक. वरच्या टाकीची ओल भिंतीतून उतरून सगळ्यात खालच्या फळीपर्यंत आलेली. त्या फळीवरचा एक गठ्ठा मी उचलला, तर त्याचा तळ पिठासारखा हातात आला. वाळवी. मला खरोखर रडू आलं. ज्या बाईनं आयुष्यभर प्रवेश नोंदवह्यांच्या पानांत कडुनिंबाचा पाला घालून ठेवला, तिला ते बघवत नाही.

मी वर्ष सांगितलं. ते गृहस्थ क्षणभर डोळे मिटून उभे राहिले आणि म्हणाले, “अठ्ठ्याऐंशी ना? डावीकडची दुसरी मांडणी. पण बांधकामाच्या नस्त्या नंतर हलवल्या होत्या, त्या कुठं गेल्या ते बघावं लागेल. आवक रजिस्टर मात्र इथंच असणार.” आणि खरंच होतं. आम्ही दोघांनी मिळून ते उतरवलं, धूळ झटकली, आणि चाळीसेक मिनिटांत आमच्या लेआउटच्या प्रस्तावाची नोंद सापडली. तारीख, अर्जदाराचं नाव, ‘नकाशे ४ प्रती’, कुणाकडे वर्ग केलं त्याची आद्याक्षरं, आणि शेवटच्या रकान्यात निकालाचा जावक क्रमांक. म्हणजे फाइल होती. ती या इमारतीत आली होती, कुणाच्या तरी टेबलावर गेली होती आणि तिचा निकाल बाहेर पडला होता. जे ‘कसून शोध’ घेणाऱ्यांना तीन महिन्यांत मिळालं नाही, ते एका जाणत्या माणसाला एका दुपारी मिळालं. त्या पानाची प्रत मी नियमाप्रमाणं दोन रुपये भरून घेतली आणि दुसऱ्या अपिलाला जोडली.

सुधारित नकाशाची नोंद त्या रजिस्टरात नाही. ती नंतरच्या वर्षांत असू शकेल, म्हणून त्यावर मी आज काही बोलत नाही.

आता माझं खरं म्हणणं. त्या खोलीत काय काय आहे, याची लेखी यादी नगरपरिषदेकडे नाही. यादी आहे ती त्या एका लिपिकांच्या डोक्यात. कुठल्या साली कुठली नस्ती कुठं हलवली, कुठला गठ्ठा पुराच्या वर्षी भिजला, कुठल्या कपाटाची किल्ली हरवलेली आहे, सगळं त्यांना पाठ आहे. आणि ते या ३१ मे रोजी निवृत्त होत आहेत. त्यांच्या जागी कुणाची नेमणूक झालेली नाही. त्यांच्याकडून चार्ज घेणारा माणूस एक सही करेल, ‘अभिलेख कक्ष, चालू स्थितीत’ असं लिहिलं जाईल, आणि १ जूनपासून आमच्या गावाचे कित्येक वर्षांचे कागद तिथंच असून हरवलेले असतील.

माहिती अधिकार म्हटलं की लोकांना अर्ज, अपील, दंड आठवतो. कायद्यात मात्र या सगळ्याच्या आधी कलम ४ येतं, आणि त्या कलमाचं पहिलंच वाक्य यादीबद्दल आहे: प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणानं आपले अभिलेख सूचीबद्ध करून, त्यांची अनुक्रमणिका करून ठेवायची. त्याच्या खालोखाल त्या सुप्रसिद्ध सतरा बाबी येतात, म्हणजे कार्यालयानं आपली रचना, कामं, अधिकारी यांबद्दल स्वतःहून द्यायची माहिती. त्या कायदा झाल्यापासून एकशेवीस दिवसांत जाहीर करायच्या होत्या. आमच्या नगरपरिषदेच्या संकेतस्थळावर सतरा बाबींचं पान आहे. त्यावर माहिती अधिकारी म्हणून ज्यांचं नाव आहे, त्यांची बदली होऊन चार वर्षं झाली. अनुक्रमणिका कुठंच नाही. मग नागरिकानं मागायचं तरी काय? कपाटात काय आहे हे माहीत नसलेल्या माणसाला ‘नेमकी कोणती नस्ती हवी ते स्पष्ट करा’ असं लेखी विचारलं जातं, हे मी माझ्या शेजाऱ्यांच्या अर्जावर पाहिलंय.

यादीनं काय होतं ते मी दोन ठिकाणी पाहिलं. एक, रस्त्यापलीकडच्या तहसील कार्यालयात. आमच्या लेआउटचा अकृषिक परवानगीचा आदेश तिथं असणार म्हणून अर्ज केला. तिथल्या अभिलेख कक्षात गावनिहाय, वर्षनिहाय यादी आहे. आठव्या दिवशी आदेशाची नक्कल हातात. त्यात नगरपरिषदेच्या मंजुरीचा क्रमांकही लिहिलेला, आणि तो आवक रजिस्टरातल्या जावक क्रमांकाशी जुळतो. दुसरं ठिकाण माझी स्वतःची शाळा. माझ्या आधीच्या लिपिकांनी प्रवेशाच्या जुन्या जनरल रजिस्टरांची आडनावांप्रमाणं एक वही करून ठेवली होती. जात पडताळणीसाठी इतर मागास वर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचे पुरावे लागतात, तेव्हा आजोबांच्या दाखल्यासाठी रोज कुणी ना कुणी दारात असायचं. बाहेरगावाहून एसटीनं आलेला माणूस परतीच्या गाडीनं दाखला घेऊन जायचा. त्या वहीमुळं. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती काम करू लागली, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत जुनी दप्तरं बाहेर काढली गेली, मोडी वाचणाऱ्यांना शोधून आणलं गेलं. कोतवाल बुकातली (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीतली) एक ओळ एखाद्या मुलाचं शिक्षण ठरवू शकते, हे तेव्हा सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. पुण्याच्या पेशवे दफ्तरात दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचा कागद रुमालाच्या, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्याच्या, क्रमांकावरून काढून देतात. आणि आम्हाला १९८८ सालचा नकाशा मिळत नाही.

कुणी म्हणेल, नगरपरिषदेत चाळीस प्रश्न आहेत, पाणी आहे, कचरा आहे, तुम्ही कसलं रद्दीचं घेऊन बसलात. मला वाटतं पाण्याचा प्रश्नसुद्धा त्याच खोलीत आहे. जलवाहिनी कुठून कशी टाकली याचे नकाशे तिथंच. ठेकेदाराला किती लांबीचे पैसे दिले ते मोजमाप पुस्तकही तिथंच. कोणत्या वर्गाचा कागद किती काळ ठेवायचा हेही ठरलेलं आहे: ‘अ’ कायमचा, ‘ब’ तीस वर्षं, ‘क’ दहा, ‘क-१’ पाच, ‘ड’ एक वर्ष. ही वर्गवारी आमच्याकडे केलेलीच नाही. त्यामुळं वर्षात फेकायचे पावत्यांचे गठ्ठे कोरड्या फळीवर आणि कायम जपायचे कागद ओलीत, अशी स्थिती मी डोळ्यांनी पाहिली.

आमच्यासारख्या लहान गावाची आणखी एक अडचण आहे, ती मोठ्या शहरातल्या वाचकांच्या लक्षात येणार नाही. खेड्यात ग्रामसभा असते. माणूस उभा राहून सरपंचाला दप्तर मागू शकतो. मोठ्या शहरांत प्रभाग समित्या असतात. संविधानात त्या तीन लाख किंवा अधिक लोकसंख्येच्या ठिकाणी सांगितल्या आहेत. आमचं गाव ‘क’ वर्ग नगरपरिषदेचं, म्हणजे चाळीस हजारांच्या आतलं. आम्हाला ग्रामसभा नाही आणि प्रभाग समितीही नाही. त्यात निवडणुका लांबल्यामुळं राज्यातल्या कितीतरी नगरपरिषदांप्रमाणं आमच्याकडेही काही वर्षं प्रशासक होते. सभा नाही, चर्चा नाही, विरोधी नगरसेवक नाही. त्या काळात जे ठरलं ते फक्त कागदावर आहे. डिसेंबर २०२५ मध्ये निवडणूक झाली, नवे नगराध्यक्ष, नवे नगरसेवक आले. आधीच्या काळात काय ठरलं हे पाहायचं तर त्यांनासुद्धा त्याच जिन्याखाली जावं लागणार आहे.

अधिकाऱ्यांची एक तक्रार मी मनापासून मान्य करते. माहिती अधिकाराचे अर्ज करून पुढं तडजोडीला बसणारी माणसं आहेत. लिपिकांना त्यांचा त्रास होतो, सह्या करणारे घाबरून असतात. पण त्यांचा धंदा चालतो तो कागद बंद असतात म्हणून. जो नकाशा सोमवारी दुपारी कुणीही येऊन पाहू शकतो, त्याची धमकी कुणाला देणार? दुसरं कारण आता नव्यानं ऐकू येतं, ते ‘खासगी माहिती’चं. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यानं माहिती अधिकारातलं खासगी माहितीचं कलम बदललं, आणि नकाशावर प्लॉटधारकांची नावं आहेत म्हणून तो देता येणार नाही असं मला तोंडी सांगून झालं आहे. सार्वजनिक हित मोठं असेल तर माहिती देता येते, असं सांगणारं कलम ८(२) अजून कायद्यात आहे. आणि लेकरांच्या खेळण्याच्या जागेची हद्द ही कुणाची खासगी बाब कशी होते, ते मला कुणी समजावून सांगावं.

मुदतीत माहिती न देणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला अडीचशे, जास्तीत जास्त पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. मला तो दंड नको. मला ३१ मे आधीचे हे आठवडे हवे आहेत. नगराध्यक्ष आणि मुख्याधिकारी दोघांनाही माझी आपल्या पत्राद्वारे विनंती आहे की त्या लिपिकांना उरलेल्या दिवसांत दुसरं कुठलंही काम देऊ नका. त्यांना एक माणूस, एक टेबल आणि उजेड द्या. त्यांनी तोंडानं सांगावं आणि दुसऱ्यानं लिहून घ्यावं: मांडणी क्रमांक, कप्पा, वर्ष, विभाग, विषय. संगणकावर नंतर चढवता येईल, आधी वहीत तरी येऊ दे. लिहिणारा माणूस नसेल तर मी येते. माझ्यासोबत शाळेतल्या आणि पोस्टातल्या आणखी तीन निवृत्त कारकुनांनी होकार दिला आहे. रोज सकाळी अकरा ते एक, कार्यालयाच्या माणसासमोर बसून, एकही कागद बाहेर न नेता, एक रुपयाही न घेता आम्ही यादी लिहून देऊ. तसा लेखी अर्ज मी ६ तारखेला आवक-जावक विभागात दिला आहे आणि त्याची पोच माझ्याजवळ आहे. अजून उत्तर नाही.

दुसरी विनंती अगदी छोटी. ‘दर सोमवारी दुपारी ३ ते ५, अभिलेख पाहणे’ असा एक फलक दारात लावा. रंगाचा खर्च आमच्या लेआउटमधली मंडळी देतील.

येत्या सोमवारी तीन वाजता मी पुन्हा जाणार आहे. १९९० पुढची आवक रजिस्टरं पाहायची राहिली आहेत. ती उजवीकडच्या मांडणीत वरच्या कप्प्यात आहेत, असं त्यांनी सांगितलंय. माझा हात तिथं पोचत नाही, तेव्हा आमच्या वस्तीतल्या कुणा तरुणाला सवड असेल तर त्यानं सोबत यावं. टॉर्च मी आणते.

आपली,
एक निवृत्त वरिष्ठ लिपिक
(नाव व पत्ता आपल्या कार्यालयाकडे दिला आहे. कृपया छापू नये.)